वाऱ्याचं उष्टं

पठारावरच्या वाऱ्याला जीभ होती. घोंगडीएवढी रुंद, थंड आणि ओली. उघडं दिसेल ते वारा चाटायचा. दगड, गवत, बुटांच्या नाड्या, पातेल्यातला चहा, त्याला सगळं सारखंच. चाटून झालं की तिथे चकचकीत पट्टा राही, आणि पट्टा वाळला की त्याला न धुतलेल्या तोंडाचा वास येई. पायथ्याच्या वाडीतल्या लोकांना याचं काही वाटत नसे. हेमलताला मात्र पहिल्याच दिवशी उमासे आले.

आता हेमलता काही नाजूक बाई नव्हे. कराडच्या एका लॅबमध्ये तिची तीस वर्षं गेली होती. ज्याचं नुसतं नाव काढलं तर इतरांचा घास घशात अडकेल, ते ती दिवसभर काचेवर पसरून बघे आणि साबणाने हात धुऊन शेजारच्याच टेबलावर पोळीभाजी खाई. पण उष्टं म्हटलं की संपलं. नवऱ्याने तोंड लावलेल्या भांड्यातून ती पाणी प्यायली नव्हती, लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी. पोटच्या लेकीने टाकलेला वरणभातसुद्धा तिने कधी संपवला नाही, आणि यावरून सासूची बोलणी निमूट खाल्ली.

तीच लेक, वृषाली, पठाराच्या पलीकडच्या गावात दिलेली होती. तिला मुलगी झाली होती. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं राहून गेलं, कारण रस्ताच उरला नव्हता. वाऱ्याने डांबर चाटून चाटून इतकं गुळगुळीत केलं होतं की गाड्या अर्ध्या चढावरून घसरत आणि पुन्हा स्टँडात येऊन उभ्या राहत. बाराव्या दिवशी बारसं होतं. “तू आल्याशिवाय मी तिला पाळण्यात घालणार नाही,” वृषालीने फोनवर सांगितलं होतं. म्हणजे तीन दिवस चालत जायचं आणि वाटेत रांधून खायचं. हेमलताला पहिल्यांदा आजी व्हायचं होतं, आणि मध्ये ही जीभ.

पाचव्या दिवशी ती आणि दिगंबर निघाले. दिगंबर तिचा नवरा, छापखान्यातून निवृत्त झालेला, समोर येईल ते खाणारा. पठारावर पोचल्यावर त्याने पितळी स्पिरिट स्टोव्ह पेटवला आणि खिचडी टाकली. वारा आला. आधी ज्योत चाटली, तशी ती ओली होऊन आडवी पडली. मग त्याने पातेल्यात जीभ घातली, तळापर्यंत फिरवली आणि सावकाश बाहेर काढली. खिचडी एका बाजूला सारल्यासारखी झाली होती आणि वर लाळेची तार लोंबत होती.

“उष्टी झाली,” हेमलता म्हणाली.

“वाऱ्याचं कसलं उष्टं?” दिगंबर म्हणाला, आणि त्याने बोटाने तार तोडून खिचडी खाल्ली.

लाडवांचा डबा उघडला तरी तेच. तंबूत बसून खायचा प्रयत्न केला, तर जीभ कापडातून आत झिरपली. दुसऱ्या दिवशी दुपारी उपाशीपोटी हेमलताचे पाय लटपटले आणि दोघं परत फिरली. वाडीतल्या बयाक्काने त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं.

“चाटतोय तर चाटू द्या की वैनी,” बयाक्का म्हणाली. “गाय वासराला चाटत न्हाई व्हय? आमी जलमभर ह्येच खाल्लं. मेलो का?”

बयाक्काचा चेहरा धुतल्यासारखा चमकत होता. भुवया एकाच दिशेला चिकटलेल्या होत्या. हेमलताने पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

घरी आल्या आल्या तिने आडोसा करायला घेतला. दिगंबरने छापखान्यातून आणलेल्या छपाईच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा माळ्यावर होत्या. पत्रा कागदाहून थोडा जाड, पुन्हापुन्हा घडी घातली की मोडणारा, पण आगीला भीक न घालणारा. एका पतपेढीच्या वार्षिक अहवालाची प्लेट तिने निवडली. तिच्या वीत-वीत उंचीच्या आठ पट्ट्या कापल्या. हात कापू नये म्हणून प्रत्येकीची कड पकडीने दुमडली, दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून तारेच्या कड्यांनी पट्ट्या एकमेकींना जोडल्या. उघडून गोल उभं केलं की स्टोव्हभोवती भिंत होत होती. मिटलं की पत्त्यांच्या कॅटसारखी घडी, ती थेट पातेल्यात बसायची. काम तर सुरेख झालं होतं. तिने ते तीनदा उघडून, मिटून पाहिलं आणि निघाल्यापासून पहिल्यांदा हसली.

“खाली भोकं पाड,” दिगंबर म्हणाला. “जाळाला हवा लागते.”

“भोकातून तो जीभ घालेल.”

“दोन तरी.”

“एकसुद्धा नाही.”

तेवढ्यापुरती ती जिंकली.

नवव्या दिवशी दोघं पुन्हा निघाली. पठारावर तिने आडोसा उघडला तर पट्ट्या नऊ निघाल्या. तिने पुन्हा मोजल्या. नवव्या पट्टीवरही अहवालाचीच बारीक अक्षरं होती, त्यामुळे तिला तक्रार करता येईना. आडोशावर पातेल्याचं झाकण ठेवून तिने भात लावला. वारा आला, पत्र्याला बाहेरून जीभ लावून गोल गोल फिरला. कुत्र्याने रिकामी थाळी चाटावी तसा आवाज येत होता. आत मात्र तो शिरला नाही. पण ज्योतीला हवा मिळेना. ती लहान होत होत मुगाएवढी झाली आणि विझली. तांदूळ कच्चे राहिले. तिने झाकण उचललं तेवढ्यात वाऱ्याने तेही चाटले. दिगंबरने ते तसेच कुडुमकुडुम खाल्ले.

“बरे लागतात,” तो म्हणाला.

दहाव्या दिवशी पट्ट्या पंधरा निघाल्या आणि त्यांची उंची तिच्या कमरेइतकी झाली. घडी मात्र पातेल्यात नीट बसत होती. दिगंबरमध्येही फरक पडला होता. वारा आता त्याला ठरल्या वेळी येऊन चाटे आणि तो हात वर करून उभा राही, म्हणजे काखाही राहू नयेत. त्याचे केस कानाकडून टाळूकडे बसले होते. गालावरची चामखीळ चाटून चाटून गेली होती, आणि याचा त्याला आनंद होता. त्याच्या अंगाला तो वास यायला लागला होता. हेमलताला त्याची शिसारी आली. ज्या माणसाबरोबर उभा जन्म काढला त्याची शिसारी यावी याचं तिला रडूही आलं, पण गालावर आलेलं पाणी वारा चाटेल म्हणून तिने ते गिळलं. ते खारट पाणी हे तिचं त्या दिवसाचं जेवण.

अकराव्या दिवशी सकाळी तिला उभं राहता येईना. पठार संपायला हवं होतं, पण समोर ते कालच्याइतकंच पसरलं होतं, चाटलेलं आणि चकचकीत.

“उद्या बारसं,” दिगंबर म्हणाला. “दोन घास खा. डोळे मिटून खा.”

“मेले तरी खाणार नाही.”

“मग नातीचं तोंड कसं बघणार?”

तिने पातेल्यातून आडोसा काढला आणि उलगडायला सुरुवात केली. पट्ट्या येतच राहिल्या. उंची तिच्या खांद्यापर्यंत आली, मग डोक्याच्या वर गेली. तिने स्टोव्ह, स्पिरिटची बाटली, पाणी, चहा-साखर-आलं मध्ये ठेवलं, स्वतः आत बसली आणि शेवटची पट्टी पहिलीला तारेने बांधून टाकली. वरच्या कडा तिने आतून ओढल्या, तशा त्या निऱ्यांसारख्या एकमेकींवर बसल्या आणि छप्पर झालं.

आत कुठेच काही हलत नव्हतं. तिने स्टोव्ह पेटवला. ज्योत सरळ उभी राहिली, चुणचुणीत, निळी. थोड्या वेळाने ती हेमलताच्या नाकाकडे वळली आणि तिचा श्वास पिऊ लागली. भोकं नव्हती, तेव्हा हे ओघानंच आलं. हेमलताने नाक पुढे करून तिला हवा तेवढा श्वास दिला. छातीत कळा येत होत्या. पत्र्याच्या भिंती तापल्या, जरा जवळ आल्या, मग अजून जरा जवळ आल्या. गुडघे छातीला टेकले. बाहेरून जीभ पत्र्यावर फिरत होती, तिच्या पाठीच्या अगदी मागे, फक्त पत्र्याच्या जाडीइतकी लांब.

चहा उकळला. कुणीही न चाटलेला, पहिल्या वाफेचा, आल्याचा चहा. तिने तो कपात ओतला. तोंडाला पाणी सुटलं होतं. कप ओठांना लावला तर चटका बसला.

म्हणून तिने फुंकर मारली.

ओठांतून जी आली ती घोंगडीएवढी रुंद होती, थंड आणि ओली. ती कपाच्या काठावरून गोल फिरली, चहात तळापर्यंत उतरली, मग ज्योतीला लागली आणि ज्योत विझली. अंधारात हेमलताला आपल्याच दातांवरून ती मागे सरकताना कळली. ती आत गेली, पोटात गेली आणि घडी घालून बसली. हेमलताने तोंड मिटलं.

“अगं,” बाहेरून दिगंबर म्हणाला, “वारा पडला.”

तिने तार सोडली. खरंच पडला होता. गवताचं पातंही हलत नव्हतं. आणि पठार तिथेच संपलं होतं, दहा पावलांवर. खाली वृषालीच्या गावची कौलं दिसत होती.

“चहा घेतलास ना? बघ, चेहऱ्यावर कशी तरतरी आली,” दिगंबर म्हणाला. हेमलताने नुसती मान हलवली. भूक उरली नव्हती. पोट गच्च भरलं होतं आणि आतून घशापर्यंत तो वास येत होता. आडोशाची घडी करावी असं तिला वाटलं नाही. उतरताना तिने श्वास बेताने, नाकाच्या टोकातून घेतला, आणि रडू आलं तरी तोंड उघडलं नाही.

वृषाली दारातच उभी होती. मुलीला नुकतंच न्हाऊ घातलं होतं. टाळूवर तेल होतं, अंगाला धुरीचा आणि वेखंडाचा वास येत होता. एवढी स्वच्छ गोष्ट हेमलताने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

“आई, एक दिवस आधीच आलीस,” वृषाली म्हणाली आणि तिने बाळ आईच्या हातात दिलं. “घे. पापा घे तिचा.”

हेमलताने बाळाला छातीशी धरलं. तिचे गाल हळूहळू फुगत होते. दातांच्या मागे काहीतरी उलगडू लागलं होतं आणि तिने ओठ पांढरे होईपर्यंत दाबून धरले.

“बोल ना काहीतरी तिच्याशी,” वृषाली म्हणाली.

बाळाने आजीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग मूठ उघडली, आणि मिटलेल्या ओठांच्या फटीत आपलं एक बोट घातलं.