मास्तरांची सैल पँट

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि मास्तरांना दहा पायऱ्यांतच धाप लागायची. नात झाल्यापासून मुलगीच तिला घेऊन खाली यायची आणि आजोबा रस्त्यावर उभे राहून तिला खेळवायचे. शेवटी मुलीने सांगून टाकलं, पोर आता जड झालीय, हिच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्हीच वर या. हातात तीन महिने होते.

मास्तर म्हणजे शिवणकामाचे मास्तर. रोज सकाळी तासभर चालायचा निश्चय त्यांनी यापूर्वी सात-आठ वेळा केला होता. पण मनातल्या मनात केलेला निश्चय मोडला तरी बोंब होत नाही. म्हणून या वेळी त्यांनी साक्षीदार नेमला. आणि नेमून नेमला कोण, तर शेजारचा सलूनवाला, ज्याला सगळी गल्ली दवंडी म्हणायची. मी चाललो नाही तर चारचौघांत माझी लाज काढ, असं मास्तरांनी त्याला आपल्या तोंडाने सांगितलं. पायावर धोंडा मारून घ्यायचाच, तर निदान धोंडा तरी बघून घ्यावा.

दवंडीने काम मनावर घेतलं. गालाला साबण लागलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे आठवड्याभरात ही बातमी घरोघरी, अगदी मुलीच्या कानापर्यंतही पोचली. पोस्टमन विचारी, चाललात का? औषधवाला विचारी, किती चाललात? जे सुटलेल्या बसमागेही कधी धावले नव्हते, ते मास्तरांना चालताना हात कसे हलवावेत ते शिकवू लागले.

नऊ दिवस मास्तर खरंच चालले. दहाव्या दिवशी गुडघा कुरकुरला, आणि ते दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यावर तासभर आडवे झाले. उठल्यावर इस्त्रीच्या फवाऱ्याने शर्टाच्या पाठीवर पाणी मारलं आणि धापा टाकत पुढे आले. दवंडीने त्या घामाचं तोंडभरून कौतुक केलं. खऱ्या नऊ दिवसांत असं एकदाही झालं नव्हतं.

मग रोजचंच झालं. पुढे लोक फरक दिसतोय का ते बघू लागले, तेव्हा मास्तरांची कला कामाला आली. कपडा पुढेमागे सैल करता यावा म्हणून शिंपी शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड राखतो, त्याला माया म्हणतात. मास्तर दर पंधरा दिवसांनी आपली पँट उसवून अर्धा इंच माया बाहेर काढायचे आणि सलूनमध्ये जाऊन सैल कमरेत मूठ घालून दाखवायचे. दवंडीने आरशावर साबणाने लिहिलं, 'मास्तर, अडीच इंच'. रोज वाचून वाचून मास्तरांनाही ते खरं वाटू लागलं. स्वतः शिवलेली थाप अंगाला फार छान बसते.

वाढदिवसाच्या संध्याकाळी गल्लीने त्यांना थाटात निरोप दिला. मुलीच्या जिन्यात मास्तरांच्या एका हातात नातीसाठी शिवलेल्या फ्रॉकची पिशवी, दुसऱ्या हातात घसरणारी पँट, त्यामुळे कठडा धरायला हातच उरला नाही. दोनदा थांबत एकतिसाव्या पायरीपर्यंत आले आणि तिथेच बसले. वरून पोरीचं हसू ऐकू येत होतं. मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली, की दवंडीला तेवढी जन्मात काढता आली नसती.

बराच वेळ वडील आले नाहीत म्हणून मुलगी नातीला कडेवर घेऊन खाली आली. तिने आधी त्यांना पाणी दिलं. मग तिची नजर त्यांच्या कमरेकडे गेली. शिंप्याचीच मुलगी ती. उसवलेल्या शिलाईच्या भोकांची रांग तिला लगेच दिसली. तिने नातीच्या अंगातल्या फ्रॉकची पिन काढून त्यांच्या पँटला लावली.

"बाबा, तुम्ही सगळ्या गल्लीला विचारायला सांगितलंत. मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्याशी मला खोटं बोलता आलं नसतं," मास्तर म्हणाले.

"मग उद्यापासून सकाळी इथे यायचं. जिथे थांबाल तिथून मला फोन करायचा. पायरीचा आकडा कितीही असू दे."

नात आजोबांच्या मांडीवर बसून पिशवी ओढत होती. वाढदिवस तिथेच, एकतिसाव्या पायरीवर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन वाजला.

"एकोणतीस," मास्तर धापा टाकत म्हणाले.

कालच्यापेक्षा दोन कमीच होत्या. पण शर्टाची पाठ ओली होती आणि फवारा दुकानात होता.