इनेझमावशीची मूठ आणि मी

मित्रांनो, सायकलच्या ब्रेकसारखी दांडी आणि तिच्या डोक्यावर घड्याळासारखी तबकडी, असं काही तुम्हाला कुठे दिसलं, तर तो मीच समजा. मुठीचा जोर मोजणारा मी एक जुना काटा आहे. मला हातात धरून आवळायचं. जितका जोर, तितके किलो माझ्या तबकडीवर उमटतात.

माझा जन्म गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात झाला. जयवंत नावाच्या कारागिराने मला घासून पुसून जोडलं आणि माझ्या दांडीला वजनं टांगून पाहिलं. "खोटं बोललास तर भंगारात घालीन हां," असं तो म्हणाला. मी कधी खोटं बोललो नाही. पण खरं बोलणाऱ्याला सगळं कळतंच असं नाही, हे मला पुढे समजलं.

गाळ्यातून मी संजनाच्या पिशवीत आलो. संजना आचोळ्याची. अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसांच्या हातात ताकद परत कशी येते, कुणाची लवकर येते, कुणाची अडते, यावर तिचं संशोधन चाललं होतं. वसईतली अकरा घरं तिने निवडली होती. प्रत्येक घराची तारीख ठरलेली. स्कूटरवरून आम्ही जायचो आणि मी दाखवलेला आकडा ती वहीत लिहायची. घरोघरी लोक माझ्याकडे डोळे लावून बसत. मला जरा गर्वच झाला होता.

त्यातलं एक घर इनेझमावशीचं. वाडीतल्या कुठल्याही लग्नात फुगे, म्हणजे तेलात तळलेले गोल पाव, काढायला तिलाच बोलावत. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून भिजवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळली की अंगठ्याजवळून गोल गोळा वर येतो, तो तेलात सोडायचा. उजव्या मुठीची ही कला, आणि झटक्याने नेमका तोच हात लुळा केला.

पहिल्या दिवशी तिने मला आवळलं तेव्हा माझा काटा दोनवर जाऊन थांबला.

"दोनच?" ती म्हणाली. "बाय, मे महिन्यात माझ्या नातीचं लग्न हाय. एलिनाचं. तिचे फुगे मी काढनार. दुसऱ्या कुनी काढले तर मला मांडवात बसवनार नाय."

"होईल मावशी. रोज व्यायाम करा, हाताला काम द्या."

पुढच्या महिन्यात काटा चारवर गेला, मग पाचवर. नंतर मात्र तो पाचवरच बसला. नोव्हेंबर पाच. डिसेंबर पाच. जानेवारीतही पाच. मावशी माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तिचा हात धरून ठेवला होता. संजनालाही कोडं पडलं. बाकीच्या काही घरांतही असंच अडलं होतं.

फेब्रुवारीत संजनाला मंगळवारी दुसरं काम निघालं, म्हणून आम्ही सोमवारीच गेलो. दार उघडंच होतं. मावशी खुर्चीत बसलेली, उजवा हात टॉवेलात गुंडाळून उशीवर ठेवलेला, आणि तिचे यजमान पीटरकाका तिला चमच्याने पेज भरवत होते.

"मावशी, हाताला काय झालं?" संजना घाबरली.

"काय नाय," काका म्हणाले. "उद्या मशीन दाबायचं ना? आठ दिवस हात जपून ठेवलाय. शर्यतीचा बैल आधी नांगराला जुंपतात काय?"

संजनाने पिशवी खाली ठेवली. "प्रत्येक महिन्यात असंच?"

"मग! केस पन मीच विंचरतो तिचे," काका अभिमानाने म्हणाले.

"विंचरतात कसले, उपटतात," मावशी बोलली.

संजना हसली, पण तिचे डोळे हसत नव्हते. ती म्हणाली, "काका, बैलाला ताकद असते म्हणून विश्रांती चालते. इथे मेंदूकडून हाताकडे जायची वाटच मोडलीय. चालाल तर वाट पडेल. आठ दिवस कुणी चाललं नाही की पुन्हा गवत उगवतं." मग हळूच म्हणाली, "चूक माझी पण आहे. तारीख सांगून येते, आकडाच विचारते. हाताने काय केलं ते कधी विचारलंच नाही."

त्या आठवड्यात तिने उरलेल्या घरांत चौकशी केली. आणखी तीन घरांत हेच चाललं होतं. तिने वहीत नवा रकाना आखला: हाताने कोणतं काम केलं. तारीख सांगणं बंद केलं. मित्रांनो, मला थोडं वाईट वाटलं. माझ्या शेजारी आता दुसरं कुणी बसणार होतं.

त्यानंतर पेज मावशी स्वतः खाऊ लागली. निम्मी पदरात सांडायची. काका चमचा घ्यायला पुढे झाले की ती ओरडायची, "अवो, हात मागे!" काका बिचारे स्वतःचेच हात काखेत दाबून बसत. रोज संध्याकाळी मूठभर कणीक आवळायची. मार्चमध्ये काटा सहावर गेला, एप्रिलमध्ये आठवर. चांगल्या हाताचे वीस होतात, हा आठच.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवामागे मोठी कढई चढली. संजनाला आमंत्रण होतं, म्हणून पिशवीतून मीही होतो. मावशी पाटावर बसली. तेलात सोडायला शेजारची सुझान चमचा घेऊन होती. मावशीने पीठ उचललं, मूठ आवळली. पीठ बोटांतून भलतीकडेच निघालं. दुसऱ्या वेळी गोळा आला, पण शेपटीवाला.

"मावशी, हा फुगा की बेडकाचं पोर?" सुझानने विचारलं. बायका खो खो हसल्या.

"तळ तू! बेडूक पन माझ्या नातीचाच," मावशी म्हणाली, आणि तिने परत मूठ आवळली.

या वेळी अंगठ्याजवळून गोल, मऊ गोळा वर आला. मग आणखी एक. हात थरथरला की ती थांबायची, परत घ्यायची. एक टोपली भरली तेव्हा पुढची पिठाची परात तिने स्वतःहून सुझानकडे सरकवली. संजनाने मला पिशवीतून काढलंच नाही. नव्या रकान्यात लिहिलं, 'फुगे, एक टोपली. काही शेपटीवाले.'

आता नवी, आकडे उजळणारी यंत्रं आली आहेत. मी संजनाच्या कपाटात असतो. ती अधूनमधून मला काढून दोनदा आवळते, तेल देते, म्हणून माझी दांडी अजून हलते. मी समाधानी आहे. एकच विनंती आहे. तुमच्या घरी कुणाचा हात दुबळा झाला, तर त्याला उशीवर निजवू नका. पेज सांडू द्या. बेडूक निघू द्या. आणि मदतीला धावणारे आपले हात, पीटरकाकांसारखे, थोडा वेळ काखेत धरून बसा.