आठ मंगळवेढ्याचे, एक कुंभारीचा

देवयानीनं लॅपटॉप कट्ट्यावर ठेवला आणि रुद्रप्पांकडे वळवला. नकाशात मंगळवेढ्याभोवती लालभडक रंग पसरला होता. बाकी सारा मुलूख कोरा.

"अप्पा, कॉम्प्युटर म्हणतोय, तणमोर इथंच राहतो. मी दोनदा जाऊन आले. नुसती काळी रानं, रब्बीच्या ज्वारीसाठी नांगरून ठेवलेली. या पक्ष्याला तर गवताचा माळ लागतो."

तीन वर्षं ती तणमोराच्या मागे होती, आणि तीन वर्षांत तो तिला एकदाही दिसला नव्हता की कानी पडला नव्हता. हाताशी होते ते कॉलेजच्या संग्रहालयातले नऊ, तिथं नोकरीला असताना रुद्रप्पांनीच पन्नासेक वर्षांपूर्वी पेंढा भरून ठेवलेले. त्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्यांवरची गावं तिनं कॉम्प्युटरला दिली; पाऊस, माती, गवत दिलं आणि असा पक्षी आणखी कुठं राहू शकेल ते सांग म्हटलं. सोमवारी हा नकाशा समितीपुढं जायचा होता. त्यात जो माळ कोरा, त्यावर प्लॉट पाडायला कुणाची हरकत राहणार नव्हती. म्हणून तर ती आज सकाळी सकाळीच कुंभारीला, म्हाताऱ्याच्या दारात येऊन बसली होती.

रुद्रप्पांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला.

"बरोबर हाय की. मंगळवेढ्याचंच हायती."

"तिथं बघितले होते तुम्ही?"

"न्हाय बा. बाजारातनं घेतले. धरनारे टोपलीत घालून आनायचे. सर म्हनले, चिठ्ठीवर गाव लिव्ह. म्या लिवलं."

"पण पकडले कुठं होते?"

"ते कोन सांगतंय? अन् म्या तरी कशाला इचारू?"

हसावं की रडावं, देवयानीला कळेना. एवढं शिकवून-सवरून कॉम्प्युटरनं मंगळवेढ्याचा बाजार तेवढा बिनचूक शोधून काढला होता. त्यात मागच्या माळावरून मघापासून बेडकांचं डराव डराव चाललेलं. तिचं डोकं उठलं.

"आठ मंगळवेढ्याचे," रुद्रप्पा बोटांवर मोजत म्हणाले, "अन् योक कुंभारीचा. त्यो मातर मला सोताला घावला. घरामागं, ह्याच माळावर, मरून पडलेला."

कुंभारीची ती नोंद देवयानीनंच काढून टाकली होती. बाकी आठांशी जुळत नाही, म्हणजे लिहितानाच कुणाची तरी चूक झाली असणार, असं तिनं एका मिनिटात ठरवलं होतं. आता तिनं घाईघाईनं आठही नोंदी पुसल्या, ती एक परत घातली आणि बटण दाबलं. एका नोंदीवर नकाशा होत नाही, असं उत्तर आलं. सगळंच कोरं झालं.

"एकावर होत नाही म्हणतोय." लाजेनं तिला वर बघवत नव्हतं. घरामागं माळावर चुना लावलेले प्लॉटच्या खुणेचे दगड कधीच रोवून झाले होते. "आणि तोही पन्नास वर्षांपूर्वीचा, मेलेला. सोमवारी मी काय दाखवू, अप्पा? काही सुचत नाही बघा. त्यात ही बेडकं तर काही सुचूच देत नाहीत."

रुद्रप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

"बेडकं? पोरी, मुरमाड माळ हाय त्यो. तितं पानी थांबत न्हाय. बेडकं कुटनं येतील?"

गवतातून तो आवाज पुन्हा आला. तणमोर बेडकासारखा ओरडतो, हे तिनं आजवर नुसतं वाचलं होतं. देवयानी लॅपटॉप तसाच कट्ट्यावर सोडून उठली. चपला पायात घालायचंही तिला भान राहिलं नाही.