सहा तास मागे पडलेली तारीख

मी नऊ नोव्हेंबर बोलतेय. झुउरा आणि तेमिर या जुळ्या भावंडांची जन्मतारीख.

आई गेली तेव्हा दोघं दूधपिती होती. तेमिरला आत्या परदेशी घेऊन गेली, झुउरा वडिलांपाशी किर्गिझस्तानात, नारीन गावी राहिली. पुढं संपर्कच तुटला. मोठी झाल्यावर झुउरा बिश्केकच्या एका खानावळीत लाघमानच्या शेवया ताणू लागली. तिथंच एका दुपारी, पिठाळ बोटांनी, तिनं हरवलेले नातलग शोधणाऱ्या साइटवर मला लिहिलं.

तिनं दिला होता नुसता दिवस. साइटनं मला बिश्केकची मध्यरात्र चिकटवली आणि डेटाबेसमध्ये ठेवताना तिची ग्रीनिचची वेळ केली. बिश्केक सहा तास पुढं. मी आठ तारखेच्या संध्याकाळी जाऊन पडले.

पुढं लिस्बनहून तेमिरनंही तीच तारीख लिहिली. तिथलं घड्याळ ग्रीनिचचंच, म्हणून ती नऊलाच राहिली. आम्ही दोघी शेजारी होतो. शोध यायचा, आमच्या तारखा वेगळ्या बघून निघून जायचा. मला हाक मारता येत नव्हती. झुउरा रोज फोन उघडायची, ‘कोणी सापडलं नाही’ वाचायची आणि पुन्हा पीठ मळायला घ्यायची.

ही साइट बनवणारी मीरिम त्याच खानावळीत जेवायची आणि झुउराला ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणायची.

“एजे, आज तिखट जरा कमी घाल.”

“तिखटाचं राहू दे. तुझी साइट माझा वाढदिवस आठ तारखेला का दाखवते गं?”

“एका दिवसानं काय बिघडतं, एजे?”

“माझा भाऊ मला नऊलाच शोधणार ना?”

मीरिमनं जेवण तसंच ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. “जन्मतारखेला संध्याकाळचे सहा कशाला हवेत?” ती स्वतःवरच चिडून म्हणाली. भेटीची वेळ असती तर ग्रीनिचची ठीक होती. जन्मदिवसाला घड्याळच नको. तिनं तो रकाना फक्त तारखेचा केला आणि मागं सरकलेल्या आम्हा सगळ्यांना आपापल्या दिवशी परत आणलं. पुढच्याच शोधात आम्ही दोघी जुळलो.

तेमिरला फोन लागला. झुउरानं नाव सांगितलं.

“काय म्हणतोय?” मीरिमनं विचारलं.

“म्हणतोय, शोधणं सोडून दिलं होतं.” झुउरानं डोळे पुसले. “आणि विचारतोय, आईचा एखादा फोटो आहे का.”

फोटो नव्हता. तिनं नुसती मान हलवली. फोनवर ती दिसत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तुम्ही कुणाची जन्मतारीख साठवत असाल, तर तिला नुसता दिवस राहू द्या. तेवढ्यावर कुणीतरी आस लावून बसलेलं असतं.

ती दोघं अजून भेटलेली नाहीत. या नोव्हेंबरला येतो म्हणालाय तो. आजवर मी त्यांच्यासाठी दोन देशांत दोनदा उजाडत आले. यंदा मला एकदाच उजाडायचंय.