पाच पावलं मागे

मावशीला एक खोड होती. चेहरा रंगवून झाला की ती खुर्चीपासून पाच पावलं मागे जायची, एक डोळा मिटायची आणि मान तिरकी करून बघायची. एकतीस वर्षं नाटक कंपनीत रंगभूषा केली, त्यात हे अंगवळणी पडलं होतं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही म्हातारा हा म्हाताराच दिसला पाहिजे, एवढंच तिला ठाऊक. कंपनी बंद पडली, पण रंगपेटी काही तिने बंद केली नाही.

त्या पेटीमुळेच तिला भाचीच्या खेळात काम मिळालं. खेळ म्हणजे काय, तर पन्नासेक मोठी माणसं, एरवी कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, सुट्टीच्या दिवशी मैदानावर जमतात, पोशाख चढवतात आणि दिवसभर एक गोष्ट जगतात. रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत, पाठ केलेली वाक्यं नाहीत. मावशीला आधी वाटलं, या लोकांना कामधंदे नाहीत की काय! मग पहिल्याच खेळात तिने एका दातांच्या डॉक्टरला राक्षस केलं आणि तो दिवसभर इतका खुशीत होता की तिचं मत तिथल्या तिथे बदललं. गेली तीन वर्षं ती या सुट्ट्यांचीच वाट बघत जगत होती.

भाचीला सगळे चिमी म्हणत. अडतीस वर्षांची बाई, खेळ भरवणाऱ्या मंडळाची प्रमुख, पण चिमीच. तिने एअरब्रश आणला आणि घोडं अडलं. डब्याएवढा कॉम्प्रेसर, त्याला नळी, नळीच्या टोकाला पेनासारखा फवारा. मावशीने नाक मुरडलं आणि भिंती रंगवायच्या आहेत का, असं विचारलं. चिमीने सांगितलं की या खेपेला तीस म्हातारे गावकरी आणि वीस राक्षस आहेत, एकेकाला पाऊण तास देत बसलो तर खेळ सुरू व्हायच्या आत राक्षस घरी जातील. मंडळाने एकच पद्धत ठेवायचं ठरवलं होतं. एअरब्रश ठरला तर तो चिमी आणि तिचा नवरा चालवणार. मग मावशीचं काय, हे कोणी बोललं नाही, पण तिला ते बरोबर कळलं.

परीक्षा चिमीच्या नवऱ्याच्या तोंडावर झाली. कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध रेघ. डावी बाजू मावशीची, उजवी फवाऱ्याची, आणि दोघींनी त्याला सत्तरीचा करायचं. चिमीने सुरकुत्या कापलेला प्लास्टिकचा साचा गालाला धरला, फुस्स केलं आणि अकरा मिनिटांत मोकळी झाली. मावशीला पस्तीस लागली. मग ती पाच पावलं मागे गेली, एक डोळा मिटला आणि स्वतःवरच खूश झाली. तिथून फवाऱ्याची बाजू नुसती मळकट दिसत होती.

पण या खेळात पाच पावलांवरून बघतंय कोण? इथे माणसं हातभर अंतरावर उभी राहून भांडतात. मंडळातली बँकवाली बाई चिमीच्या नवऱ्यासमोर उभी राहिली आणि फिस्सकन हसली. मावशीही जवळ गेली. तिने स्वतः काढलेल्या सुरकुत्या म्हणजे गालावर ओढलेल्या तपकिरी रेघोट्या होत्या. रंगवताना ती जन्मभर जवळच असायची, पण तेव्हा तिला चेहरा दिसत नसे, काम दिसे. निकाल फवाऱ्याच्या बाजूने लागला. मावशीही सगळ्यांबरोबर हसली आणि पेटी आवरू लागली. तिला फार लागलं होतं.

खेळाच्या दिवशी विग बसवायला तरी ये, म्हणून चिमीने तिला बोलावलं. मावशी गेली, पेटी सवयीने बरोबर घेतली. तीसच्या तीस गावकऱ्यांना एकाच साच्याच्या सुरकुत्या! शिवाय कोणी हसलं की रंगवलेली सुरकुती एकीकडे आणि खरी घडी भलतीकडे. मावशीची जीभ नुसती वळवळत होती, पण तिने ओठ घट्ट मिटून विग बसवले.

शेवटी चिमीची स्वतःची पाळी आली. तिला गावातली सर्वांत म्हातारी बाई व्हायचं होतं. दिवसभर सतरंजीवर बसून एकेकाशी अगदी समोरासमोर बोलायचं. नवरा बाहेर मैदानावर गुंतला होता, आणि आरशात बघून स्वतःच साचा धरताना तिचा हात उलटा पडला आणि सुरकुत्या कानावर गेल्या. तीनदा पुसून झालं. खेळ सुरू व्हायला तासभरच उरला होता.

"मावशी, तू करतेस का?"

मावशी गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिने चिमीला हसायला लावलं, रागवायला लावलं, उन्हात बघतेस तसे डोळे बारीक कर म्हणाली. कातडी जिथे आपण होऊन दुमडते, तिथेच रेघ घ्यायची, हे तर ती पहिल्यापासून करायची. फक्त शेवटच्या रांगेसाठी वरून जाड करायची. या वेळी तिने केसाएवढी रेघ ओढली आणि बोटाने विरवली. कपाळ झालं, डोळ्यांच्या कडा झाल्या. ओठांच्या बाजूच्या दोन रेघा उतरल्या आणि तिचा हात थांबला.

चिमीची आई एकेचाळिसाव्या वर्षी गेली होती. बहीण म्हातारी झालेली मावशीने कधी पाहिलीच नव्हती. आता ती समोर बसली होती. मावशीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

चिमीने आरसा घेतला आणि चेहरा निरखला.

"आई अशी दिसली असती?"

"नाक तुझ्या बापाचं आहे," मावशी म्हणाली. "बाकी अशीच."

बाहेरून चिमीचा नवरा हाका मारत होता. मावशी सवयीने उठली, पण मागे गेली नाही, पुन्हा खाली बसली. तुझ्या त्या यंत्रात न पुसणारं काही असतं ना, तिने विचारलं. वरून एक हलका हात मार, हे घामाने जाता कामा नये.

चिमीने कॉम्प्रेसर सुरू केला आणि फवारा मावशीच्याच हातात दिला. कुठे दाबायचं ते दाखवलं.

"डोळे मीट," मावशी म्हणाली. आणि लगेच, "थांब. आणखी जरा बघू दे."