न दिलेलं पाणी

उंब्रजला मोटारी रिवाइंडिंग करायच्या दुकानात कपिल कामाला होता. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्या पुढ्यात येऊन पडायच्या. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि संध्याकाळी दोस्त धुळाबरोबर तालमीत जायचं, हे त्याचं ठरलेलं. तालीम म्हणजे पत्र्याची एक खोली, एक तडकलेला आरसा आणि लोखंडी वजनं. धुळा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, अंगानं आडवा, वजन उचलण्यात पटाईत. कपिलचं तसं नव्हतं. त्याचं शरीर रेखीव होतं आणि ते त्यानं जेवणाखाण्याला मुरड घालून कमावलेलं होतं.

दर जानेवारीत सांगलीला एका व्यायाम मंडळाचा महोत्सव भरायचा. कबड्डी, रस्सीखेच, मल्लखांब, वजन उचलणं, सगळं असायचं. पण माणसं लोटायची ती शेवटच्या दिवशीच्या शरीरसौष्ठवाला. मागच्या दोन्ही वर्षी कपिल दुसरा आला होता. परीक्षकांपैकी एकानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अंग भारी आहे तुझं. फक्त कातडीखाली पाणी दिसतंय."

ते एक वाक्य त्यानं वर्षभर डोक्यातनं जाऊ दिलं नाही.

शहाण्णव सालच्या स्पर्धेला दोन दिवस राहिले तेव्हा तो धुळाला म्हणाला, "आता पाणी बंद. मी मागीन, शिव्या दीन, पाया बी पडीन. तू द्यायचं न्हाई."

"आन काय झालं म्हंजे?"

"काय हुतंय? सगळीच करत्यात. पाणी उतरलं की शिरा कशा दोरीवानी वर येत्यात बघ. शबूद दे."

धुळानं शब्द दिला. घरी आईलाही कपिलनं तेच सांगितलं. हरणाबाई चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "जनावराला बी आपण तान्हेलं बांधत न्हाई रं. ह्ये कसलं बक्षीस?"

"दोन दिसाचा तर सवाल हाय, आय. मी मागितलं तरी देऊ नगंस."

वडील आकाराम एसटीच्या वर्कशॉपात होते. त्यांना सगळा गाव आण्णा म्हणायचा. पोरगं चड्डीवर लोकांपुढं उभं राहतं याची त्यांना लाज वाटायची, म्हणून ते कधी सांगलीला गेले नव्हते. त्या वर्षी मात्र त्यांनी आपणहून रजा टाकली. "यंदा मी बी येतो," एवढंच म्हणाले. कपिल इतका हरखला की त्या रात्री त्याला झोप आली नाही.

सकाळच्या गाडीनं तिघं निघाले. कपिल खिडकीशी बसला होता. ओठ पांढरे पडलेले, डोळे आत गेलेले. पण हसत होता. सांगलीत उतरल्यावर धुळाच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेला तो फळीवर उभा राहून ओरडला. धुळा तिसरा आला. खाली उतरल्यावर कपिलनं त्याला मिठी मारली तेव्हा धुळाला त्याचं अंग तापल्यासारखं लागलं.

"ताप हाय का रं तुला?"

"उन्हाचं. तू पदक दाव की आण्णास्नी."

दुपारी पडद्यामागं धुळानं त्याच्या अंगाला तेल लावलं. पोटऱ्यांत गोळे येत होते, ते त्यानं चोळून काढले. शेजारची पोरं आरशापुढं दंड फुगवत होती. कपिल हळूच म्हणाला, "धुळा, एक घोट दे."

धुळा हसला. "बक्षीस घे, मग आख्खी घागर पी."

"लय तान लागलीया गड्या. जीभ टाळ्याला चिकटतीया."

"तूच सांगितलंयस न्हवं? आता घटकाभराचा परश्न हाय." असं म्हणून धुळानं पाण्याची बाटली उचलली आणि लांब बाकाखाली नेऊन ठेवली. कपिलनं बाटलीकडं बघितलं, मग मान डोलावली. त्यानंतर त्यानं पुन्हा मागितलं नाही.

स्टेजवर तो आला तेव्हा माणसं शिट्ट्या वाजवू लागली. दिव्याखाली त्याच्या अंगावरची शीर न् शीर दिसत होती. पुढच्या रांगेत आण्णा बसले होते. आधी त्यांनी मान खाली घातली, मग हळूहळू वर केली. शेजारच्या अनोळखी माणसानं "काय पोरगं हाय!" म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. "आमचंच हाय," ते म्हणाले आणि उभेच राहिले.

शेवटी निवडलेल्या तिघांना पुढं बोलावलं. कपिलनं दोन्ही हात वर नेले, दंड वळवले आणि तसाच, हात न टेकता, तोंडावर पडला.

लोकांना वाटलं, चक्कर आली. निवेदक सगळ्यांना खाली बसायला सांगत होता. धुळानं कपिलला खांद्यावर घेतलं. बाहेर रिक्षा मिळाली. दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी छातीवर दाब दिला, सुई दिली, परत दाब दिला. आण्णा दाराशी कपिलचा शर्ट धरून उभे होते. शर्टाच्या खिशातनं गोळ्यांची रिकामी पट्टी खाली पडली. डॉक्टरांनी ती उचलून बघितली.

"या लघवीच्या गोळ्या त्याला कुणी दिल्या? पाणी बंद आणि वर या गोळ्या... अंगातले क्षारच गेले सगळे. त्यानं काळीज बंद पडलं."

धुळाला गोळ्यांचं काहीच ठाऊक नव्हतं. तो एवढंच विचारू शकला, "डॉक्टर, मी पाणी दिलं असतं तर?"

डॉक्टरांनी पट्टी टेबलावर ठेवली. "ते आता कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले.

महोत्सवात पुढं पहिलं कोण आलं, हे धुळानं कधी विचारलं नाही.

बुद्धवंदना झाली, माती झाली. धुळा मयताला सगळ्यांच्या मागं उभा होता. पुढं त्या गल्लीतनं जाणंच त्यानं सोडलं. ट्रॅक्टरही तो वळसा घालून न्यायचा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो आला खरा, पण कोपऱ्यावरच थांबला. माणसं जेवून गेल्यावर हरणाबाई स्वतः तिथवर चालत आली.

"आत ये."

"काकू, कुठल्या तोंडानं येऊ? त्यो मला मागत हुता. मी न्हाई दिलं."

हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "निघायच्या आदल्या रातीला त्यो माझ्यापाशी आला हुता. बारकं पोर झालं हुतं. 'आय, जरा दे,' म्हणाला. मी रांजणावर झाकण ठिवलं आन त्यावर हात ठिवून बसले. शबूद दिला हुता न्हवं."

धुळा भिंतीला टेकून खाली बसला. हरणाबाईही त्याच्या शेजारी मातीत बसली. बायकोचा आवाज ऐकून आण्णा दारात आले. दोघांना तसं बघून ते परत आत गेले.

पुढच्या वर्षी महोत्सवाच्या आधी मंडळाची माणसं उंब्रजला आली. कपिलच्या नावानं ढाल ठेवायची म्हणाली. आण्णा म्हणाले, "ढाल नगं. मला तितल्या पोरांसंगं जरा बोलू द्या. गोळ्यांचं सांगायचं हाय." माणसांनी चहा घेतला, "बघतो, कळवतो" म्हणाली. निरोप काही आला नाही.

तरी आण्णा धुतलेला शर्ट घालून निघाले. धुळा त्यांच्याबरोबर होता. मांडवात ते गर्दीच्या शेवटी उभे राहिले. शरीरसौष्ठवाची पोरं स्टेजवर आली, दिवे लागले, शिट्ट्या वाजल्या. आण्णा एक-एका पोराच्या तोंडाकडं बघत राहिले. पुढं जाऊन माइक मागायचा, असं ते गाडीत धुळाला सांगत आले होते. पण त्यांचे पाय हलले नाहीत.

"जाऊ या?" धुळानं विचारलं.

"व्हय."

स्टँडवर कऱ्हाडची गाडी उभी होती. धुळानं आण्णांना खिडकीची जागा दिली आणि स्वतः कडेला बसला. गाडी मिरजेच्या बाजूचे दिवे मागं टाकून निघाली, तसं आण्णा म्हणाले, "लय चांगली पोरं हायती रं सगळी."