पाखरीची पाठ

पाखरीची पाठ लागली, हे चतुराबाईला कुणी सांगावं लागलं नाही. खोगीर चढवताना घोडीनं कातडी थरथरवली, माशी बसल्यासारखी, आणि माशी तर कुठंच नव्हती. चतुराबाईनं खोगीर उतरवलं, खालचं ब्लँकेट उचललं. मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंच हाडावर, रुपयाएवढी जागा सोलली होती.

दिवाळी सरली होती. वडीगोद्रीच्या अलीकडच्या धनगरवस्तीवर निघायची गडबड चालली होती. मेंढ्या घेऊन आष्टीकडं उतरायचं, कास्तकारांच्या मोकळ्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि पाऊसकाळ तोंडावर आला की घरी परतायचं, हा दरसालचा शिरस्ता. त्याच वाटेवर, आष्टीच्या अलीकडं एका रानाच्या बांधाला, बाभळीखाली, चतुराबाईच्या नवऱ्याला माती दिली होती. तातेराव वाटेतच गेला होता. वर एक दगड ठेवला होता, एवढंच. गेल्या साली मेंढ्या त्या रानात बसल्या तेव्हा चतुराबाई दगडाशेजारीच अंग टाकायची. चहूकडून मेंढ्यांचं रवंथ ऐकू यायचं. आपल्याला येतंय तसं त्यालाही येत असणार, असं तिला वाटायचं.

गेल्या साली ती चालत गेली होती. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. दुसरी दोन तट्टं नवी होती, ओझं घ्यायची पण माणूस बसू देत नव्हती. राहिली पाखरी. मुलगा भारत म्हणाला होता, घोडीची पाठ बरी राहिली तर चल, न्हाईतर यंदा घरी कांताकाकीजवळ रहा. मधे एकदा येऊन मोटरसायकलवर दगडापर्यंत नेऊन आणतो, असंही म्हणाला होता. दगडाला हात लावायचा अन् माघारी फिरायचं, हे पाहुणीचं जाणं. तिला पाहुणी म्हणून जायचं नव्हतं.

म्हणून खोगिराखाली काय घालायचं, हा तिचा दिवसभराचा उद्योग होऊन बसला.

हायवेवरच्या दुकानातून आणलेलं गुळगुळीत ब्लँकेट तिनं आधी बाजूला टाकलं. त्यात घाम जिरत नव्हता, नुसता वाफेसारखा कोंडायचा. सून सुरेखानं आपली गोधडी दिली. गोधडी मऊ, पण घाम पिऊन वाळली की पापडासारखी कडक व्हायची आणि तिचा प्रत्येक टाका पाठीवर उमटायचा. भारतनं कुठल्याशा जुन्या गादीतला फोम आणला. तो हाताला इतका मऊ लागला की चतुराबाई हरखली. मग तिनं खोगीर बांधलं, फोमखाली तळवा सरकवला आणि सुरेखाला वरून रेटायला सांगितलं. फोम दबून दबून कागद झाला आणि तिच्या बोटांची हाडं घोडीच्या हाडावर घासली.

"ह्यो नुसता तोंडदेखला मऊ," ती म्हणाली.

शेजारच्या ओट्यावरून जाऊ कांताबाई हे सगळं बघत होती. "घोडीची पाठ अन् तुझे गुडघे," ती म्हणाली, "दोघींला एकाच डागतरला दाखवा. खर्चा तरी वाचंल."

जखम वाळेपर्यंत पाखरीवर कुणी बसलं नाही. खपली धरली, पण खालची कातडी कोवळीच होती. तिच्यावर दाब पडला की पुन्हा सोलणार, हे चतुराबाईला कळत होतं. तेव्हा तिनं ट्रंक उघडली.

ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात तातेरावाची घोंगडी होती. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीनं ताठ असते, अंगाला टोचते. ही पावसात, दवात, मेंढीच्या चिकात भिजून इतकी मवाळ झाली होती की घडी घालताना आवाज करत नव्हती. लोकरीत घाम जिरतो, लोकर सरकत नाही, दबली तरी पुन्हा उभारते. याहून चांगली घडी खोगिराखाली सापडणार नव्हती. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आतापर्यंत बाकीच्या वस्तू तपासत बसली होती ती बहुधा यासाठीच, की ट्रंक उघडायची वेळ येऊ नये.

पण नुसती घोंगडी पुरणार नव्हती. जखमेवर काहीच टेकायला नको होतं. बैलाचा खांदा सुजून आला की तातेराव जुवाखालच्या गादीला दुखऱ्या जागेपुरता खळगा करायचा, बैल चालत चालत बरा व्हायचा. तिनं तेच करायचं ठरवलं. घोंगडीला कातर लावू नये म्हणतात, ती देवाच्या पाटाखाली अंथरायची वस्तू. सुरेखानं तोंडावर पदर घेतला. चतुराबाईनं मेंढ्या कातरायची कात्री घेतली, खपलीच्या जागेवर कोळशानं वर्तुळ काढलं आणि तातेरावाच्या घोंगडीच्या खालच्या घडीला भोक पाडलं. निघालेला गोल तुकडा तिनं पोलक्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी भारतनं तिला पाखरीवर बसवून वडीगोद्रीपर्यंत नेलं नि परत आणलं. वाटेत घोडी एकदाही थबकली नाही. फाट्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, म्हातारीची वरात कुठं चालली, तर चतुराबाईनं सांगितलं, "सासरी." भारतही हसला. वस्तीवर आल्यावर तो म्हणाला, बराबर हाय, परवा निघू, आणि मेंढ्यांकडं गेला.

तिनं पोटाखालचा तंग सोडला, खोगीर उतरवलं, घोंगडी उचलली. पाठ घामानं एकसारखी भिजली होती. खपली कोरडी, जशीच्या तशी. सवयीनं तिनं पाठीवरून तळवा फिरवला आणि तो अडला.

खपलीभोवती कडं उठलं होतं. भोकाच्या कडेनं सगळीकडून दाब आला होता आणि जिथं दाब नव्हता त्या भोकात मांस वर चढलं होतं, तव्यावरची भाकर फुगावी तसं. केसांमुळं ते डोळ्यांना दिसत नव्हतं. हाताला मात्र गरम लागत होतं. तिनं बोटानं दाबलं, तर पाखरीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. बस्स, एवढंच.

जुवाखाली बैलाला जे चाललं, ते खोगिराखाली घोडीला चाललं नव्हतं. जू नुसतं पुढून टेकतं. खोगीर वरून माणसासकट बसतं. हे कात्री लावायच्या आधी सुचायला हवं होतं.

आसपास कुणी नव्हतं. रात्रीत कडं थोडं बसलं असतं. परवा सकाळी काळी घोंगडी टाकली असती की काहीच दिसलं नसतं. काळ्या लोकरीवर रक्तही दिसत नाही. आष्टीपर्यंत घोडी गेली असती. पाखरी बसणारी नव्हती, ती चालत राहणाऱ्यांतली होती. दगडापाशी पोचल्यावर खोगीर उतरवायचं, मग पुढचं पुढं. चतुराबाई घोडीच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. बाभळीखालची जागा तिच्या डोळ्यांपुढं होती.

मग तिनं हाक मारली. भारत आला.

"हात लाव इथं," ती म्हणाली.

त्यानं आधी वाकून बघितलं. "काय न्हाई की. बरी तर दिसून राह्यली."

"दिसत न्हाई म्हणून तर बोलावलं. लाव."

त्यानं हात लावला. बराच वेळ काढला नाही. मग घोडीकडं बघत म्हणाला, "माय, तू सांगितलं नसतं तर..."

"तर ती काय सांगणार होती?"

निघायच्या दिवशी पहाटेच ओझी चढली. भारत पाया पडला. दगडापाशी दूध ओतायला विसरू नको, मेंढ्या बांधाच्या लगतच बसव, लांब नको, एवढं तिनं सांगितलं. घंटांचा आवाज ओढ्यापलीकडं उतरला तशी पाखरी दाव्याला ताण देऊन उभी राहिली, कान तिकडं लावून. आवाज संपला तरी तिनं कान हलवले नाहीत.

चतुराबाई ओट्यावर घोंगडी पांघरून बसली होती. भोक नेमकं पाठीवर आलं होतं आणि तेवढ्याच जागेतून गार वारा आत येत होता. कांताबाईनं चहा आणून ठेवला.

उजाडल्यावर चतुराबाईनं सुई-दोरा मागितला. पोलक्यातून गोल तुकडा काढला, मांडीवर घोंगडी पसरून भोकावर ठेवला. कातरल्या जागची लोकर उसवत गेली होती; भोकाच्याही कडा सुटल्या होत्या, तुकड्याच्याही. तिनं तो इकडून सरकवला, तिकडून सरकवला. एका बाजूनं जुळवला की दुसरीकडं फट पडायची.

तुकडा भोकाला पुरत नव्हता.